कोड मुक्त झाला, पुढे काय?

'द क्रू' हा मोटार शर्यतीचा गेम २०१४ साली आला आणि ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट या कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी या गेमला सर्व्हर लागायचा. त्यामुळे ज्यांनी पैसे मोजून तो घेतला होता, त्यांच्या हाती दुसऱ्या दिवशी नुसता डबा उरला. त्या रागातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघाकडे पाठवायच्या तिच्या मागणीवर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

मोहिमेचं म्हणणं तसं माफक आहे: दुकान बंद करायचं तर करा, पण गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. सोर्स कोड, म्हणजे गेम ज्या मूळ मजकुरातून बनतो तो, खुला करण्याची सक्ती तिने मागितलेली नाही. पण या विषयावर चार माणसं बोलायला लागली की पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, "कोड देऊन टाका ना, पुढचं लोक बघून घेतील."

या वाक्याच्या पहिल्या अर्ध्याशी मी पूर्ण सहमत आहे. माझं भांडण दुसऱ्या अर्ध्याशी आहे. लोक म्हणजे नेमकं कोण? आणि ते काय बघून घेतील?

मी काही वर्षं एका छोट्या मुक्त गेमच्या (म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचू, बदलू आणि वाटू शकतो अशा गेमच्या) तक्रारींची छाननी करायचो. कोड लिहिण्यात माझा वाटा किरकोळ. आलेली तक्रार वाचायची, ती आधी कुणी केली आहे का ते शोधायचं, तक्रारदाराला "कोणती आवृत्ती? कोणती ऑपरेटिंग सिस्टीम?" असं विचारायचं आणि पुष्कळदा उत्तर न आल्यामुळे तीन महिन्यांनी ती बंद करायची, एवढंच माझं काम. त्या काळात मला एक गोष्ट पक्की कळली. गेम बनवायला माणसं मिळतात, तो सांभाळायला मिळत नाहीत. मुक्त परवाना गेमला जगायची परवानगी देतो, जगवत मात्र नाही. जगवण्याचं काम कष्टाचं, कंटाळवाणं आणि न संपणारं असतं, आणि ते लष्कराच्या भाकऱ्या समजून कुणीतरी भाजत राहील या आशेवर आपण सगळे बसलो आहोत. हे काम पगारी व्हायला हवं आणि त्यासाठी मुक्त गेम खुशाल विकावा, असं माझं मत आहे. ते मुक्त सॉफ्टवेअरच्या वर्तुळात फारसं लोकप्रिय नाही, हे मला ठाऊक आहे.

कोड खुला केल्याने काय होतं याचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं उदाहरण म्हणजे 'डूम'. इड सॉफ्टवेअरने १९९७ च्या डिसेंबरमध्ये त्याचा कोड जाहीर केला आणि आज क्वचितच एखादं यंत्र असेल ज्यावर कुणी 'डूम' चालवून दाखवला नसेल. पण या गोष्टीतले अडथळे सहसा सांगितले जात नाहीत. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठीच्या आवृत्तीतला आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता, म्हणून कोड दिला गेला तो लिनक्स आवृत्तीचा. पहिला परवाना नफा कमवायला मनाई करणारा होता, जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना नंतर १९९९ साली आला. आणि राक्षसांची चित्रं, नकाशे, संगीत हे काही मुक्त झालंच नाही. ते कायदेशीरपणे मोकळं हवं म्हणून 'फ्रीडूम' नावाच्या प्रकल्पात लोकांना सगळं नव्याने बनवावं लागलं. 'डूम' जगला तो एका दिवशी कोड जाहीर झाल्यामुळे नव्हे. त्यानंतरची पंचवीसहून जास्त वर्षं एका हातातून दुसऱ्या हातात जात त्याची डागडुजी होत राहिली, म्हणून जगला. ज्यांचा कोड असाच खुला झाला आणि ज्यांच्याकडे पुढे कुणी फिरकलं नाही, अशा गेमची नावं कुणाला आठवत नाहीत, कारण आठवणार कोण?

बाहेरच्या माणसाला इथे एक प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. गेम एकदा नीट चालायला लागला की त्यात सांभाळायचं काय? लाकडाला वाळवी लागते, लोखंडाला गंज चढतो, पण कोडमधली ओळ आहे तशीच राहते की.

ओळ राहते, तिच्याखालची जमीन सरकते. 'बॅटल फॉर वेसनॉथ' हा पाळीपाळीने खेळायचा युद्धाचा गेम डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली सुरू केला. तो खिडकी उघडणं, चित्र काढणं, आवाज वाजवणं यासाठी एसडीएल नावाच्या लायब्ररीवर, म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरायच्या तयार कोडवर, उभा आहे. त्या लायब्ररीची दुसरी पिढी २०१३ मध्ये आली, पहिलीचं काम थांबलं, आणि वेसनॉथला नव्या पिढीवर न्यायचं काम पूर्ण होऊन ते २०१८ च्या १.१४ या आवृत्तीत खेळाडूंच्या हाती पडलं. खेळाडूला यातून नवं असं काय दिसलं? जवळजवळ काही नाही. आधी चालत होता तो गेम पुढेही चालत राहिला, इतकंच. अ‍ॅपलने २०१८ मध्ये ओपनजीएल हे पडद्यावर चित्र काढण्याचं तंत्र कालबाह्य ठरवलं आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनामध्ये जुन्या धाटणीचे ३२ बिटचे प्रोग्रॅम चालणंच बंद केलं. गुगलच्या प्ले स्टोअरवर अँड्रॉइडची ठरावीक नवी पातळी गाठण्याची अट दर वर्षी पुढे सरकते; गाठली नाही तर अ‍ॅप नव्या फोनवाल्यांना दिसेनासं होतं. ही सगळी धावपळ जागच्या जागी उभं राहण्यासाठी.

गेमच्या बाबतीत याहून अवघड गोष्टी आहेत. एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो, कारण याची कल्पना आल्याशिवाय "बघून घेतील" या शब्दांचं वजन कळणार नाही. '० ए.डी.' या प्राचीन साम्राज्यांच्या मुक्त गेममध्ये शेकडो सैनिक एकाच वेळी पळत, लढत, लाकूड तोडत असतात. दोन खेळाडू नेटवरून खेळताना प्रत्येक सैनिकाची जागा क्षणाक्षणाला पाठवत बसलं तर जाळं तुंबेल. म्हणून दोन्ही कॉम्प्युटर तीच लढाई आपापल्या घरी पूर्ण चालवतात आणि एकमेकांना फक्त हुकूम पाठवतात: ही तुकडी तिकडे गेली, ही इमारत बांधायला घेतली. यात गृहीत धरलेलं असतं की दोन्हीकडचं गणित शेवटच्या अंकापर्यंत सारखं येईल. आता अपूर्णांकाचं गणित दोन वेगळ्या प्रोसेसरवर, किंवा कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणाऱ्या दोन वेगळ्या कंपायलरमधून निघालेल्या प्रोग्रॅममध्ये, कुठेतरी खूप खालच्या घरात वेगळं गोल होऊ शकतं. एका बाजूला बाण लागतो, दुसऱ्या बाजूला हुकतो. इकडे मेलेला सैनिक तिकडे धान्य गोळा करत असतो. पाच मिनिटांनी दोघे दोन वेगळ्याच लढाया लढत असतात आणि गेम 'आउट ऑफ सिंक' म्हणून थांबतो. म्हणून '० ए.डी.'च्या लढाईचं गणित दशांश चिन्हाची जागा पक्की ठेवून पूर्णांकांमध्ये केलेलं आहे. पण ही शिस्त एकदा घालून भागत नाही. उद्या कुणी नवा स्वयंसेवक उत्साहाने दहा ओळी लिहील, त्यातल्या एका ओळीत साधा अपूर्णांक वापरेल आणि चूक दिसेल ती सहा महिन्यांनी, दोन अनोळखी माणसांच्या सामन्यात, चाळिसाव्या मिनिटाला. ती शोधणारा माणूस नवं काहीही बनवत नसतो. त्याच्या कामाचा फोटो काढून कुठे टाकता येत नाही.

मग सेव्ह फाइल. 'ओपनटीटीडी' हा १९९५ च्या एका वाहतुकीच्या गेमची रचना उलगडून २००४ मध्ये सुरू झालेला मुक्त गेम. तो स्वतःच्या जुन्यात जुन्या आवृत्तीतले खेळच काय, त्या मूळ गेमचे साठवलेले खेळही उघडतो. खेळाडूला हा हक्कच वाटतो. वीस वर्षांपूर्वीच्या प्रत्येक निर्णयाचं ओझं कोडमध्ये जपून ठेवल्याशिवाय हे होत नाही, हे त्याला कशाला ठाऊक असेल?

आणि समतोल! वेसनॉथमध्ये घाव बसेल की नाही हे शक्यतेवर ठरतं; किल्ल्यात उभ्या माणसाला मारणं अवघड, उघड्यावर सोपं. "तुमचा फासा माझ्यावर खार खाऊन आहे" अशी तक्रार हा गेम आहे तोवर येत राहणार. तिला दर वेळी सभ्य उत्तर देणं हेही सांभाळण्यात मोडतं. ते उत्तर मलाही कधी नीट जमलं नाही, हे कबूल करतो. (माझ्या छोट्या गेममध्ये फासाच नव्हता, तरी ही तक्रार आली होती.)

'नेटहॅक'चा दाखला देऊन कुणी माझं म्हणणं खोडून काढू शकेल. १९८७ पासून चालत आलेला हा गेम. त्याची ३.४.३ ही आवृत्ती २००३ मध्ये आली आणि पुढची अधिकृत आवृत्ती थेट २०१५ मध्ये. बारा वर्षं काही नाही, तरी गेम मेला नाही. मान्य. पण तो अक्षरांनी काढलेल्या पडद्यावर चालतो, तिथे सरकायला जमीनच थोडी. शिवाय त्या बारा वर्षांत लोक पॅच, म्हणजे कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या, लिहीत होते, वेगळ्या शाखा काढत होते, सार्वजनिक सर्व्हर चालवत होते. अधिकृत माणसं गप्प होती एवढंच; भाकऱ्या भाजल्या जात होत्याच.

आता पैशाकडे येतो. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे मुक्त सॉफ्टवेअरवाले पहिल्या दिवसापासून सांगत आले आहेत. जीपीएलने विक्रीला कधीच मनाई केलेली नाही. तरी मुक्त गेमवर किंमत लावली की लोकांचा चेहरा देवळात तिकीट लावल्यासारखा होतो. मग उरते देणगी. '० ए.डी.'च्या मंडळींनी २०१३ मध्ये लोकवर्गणी मागितली. लक्ष्य होतं १,६०,००० डॉलर, जमले साधारण ३३,०००. त्या वेळी गेम मुक्त होऊन चार वर्षं झाली होती, तो फुकट होता आणि देखणाही. वाहवा भरपूर मिळत होती. वाहवा करणारे सगळे देणारे नसतात.

याउलट 'शॅटर्ड पिक्सेल डंजन' पाहा. एका मुक्त केलेल्या गेमच्या कोडवर एका माणसाने आपली इमारत उभी केली. अँड्रॉइडवर तो फुकट मिळतो, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात आणि अ‍ॅपलच्या दुकानात विकत. कोड जीपीएल परवान्याखाली सगळ्यांसमोर. ज्याला फुकट हवा तो स्वतः बांधून घेऊ शकतो. 'मिंडस्ट्री' या मुक्त गेमचंही तसंच: स्टीमवर पैसे, इतर काही ठिकाणी फुकट. लोक विकत घेतात, कारण सोय विकत घेण्यासारखी असते आणि अनेकांना त्या निमित्ताने पैसे द्यायचेच असतात. देणगीचं बटण शोधून दाबणं आणि दुकानात एक वस्तू घेणं या माणसाच्या दोन वेगळ्या सवयी आहेत. दुसरी कितीतरी पक्की आहे. तिचा उपयोग न करणं हा मला तत्त्वनिष्ठपणा वाटत नाही, संकोच वाटतो.

विक्रीविरुद्ध दोन आक्षेप येतात. पहिला दुकानांच्या अटींचा, आणि तो खरा आहे. 'जीएनयू गो' या मुक्त गेमची एक आवृत्ती २०१० मध्ये अ‍ॅपलच्या दुकानातून उतरवली गेली, कारण दुकानाच्या अटी आणि जीपीएल यांचा मेळ बसत नाही अशी हरकत जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेच घेतली होती. ज्या गेममध्ये दीडशे जणांचा कोड आहे, तिथे त्या सगळ्यांची परवानगी आणायची कुठून? म्हणून हा विचार पहिल्या वर्षी करायचा असतो, दहाव्या नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. दहा जण फुकट राबत असताना अकराव्याला पगार मिळाला, तर दहा जणांना आपण मूर्ख ठरलो असं वाटतं. हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. याचं टोकाचं रूप 'नेक्सुइझ'च्या बाबतीत दिसलं. स्वयंसेवकांनी वाढवलेल्या या नेमबाजीच्या मुक्त गेमचं नाव मूळ कर्त्याने एका व्यावसायिक कंपनीला वापरायला दिलं. कायद्याने त्यात काही चूक नसेल, पण ज्यांनी रात्री जागवल्या होत्या त्यांना कुणी विचारलं नव्हतं. २०१० मध्ये त्यांनी कोड उचलला, 'झोनॉटिक' नाव घेतलं आणि वेगळी चूल मांडली. परवान्याने त्यांना कोड दिला; नाव आणि जमवलेली ओळख मागेच राहिली. विरोधक यातून "पैसा आला की वाद आला" असा धडा काढतात. मी वेगळा काढतो: तिथे वाद पैशाने घातला नाही, मालकी धूसर ठेवल्याने घातला. नाव, संकेतस्थळ, दुकानातलं खातं हे एका माणसाच्या खिशात नसून संस्थेकडे असावं. '० ए.डी.'चे पैसे 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' ही ना-नफा संस्था सांभाळते. बुद्धिबळाचं 'लीचेस' फ्रान्समधली ना-नफा संस्था चालवते. तिथे जाहिरात नाही, पैसे देणाऱ्याला नावाशेजारच्या चिन्हापलीकडे जादा काही मिळत नाही आणि खर्चाचा ताळेबंद सगळ्यांना दिसतो. त्यात पगारही दिसतात. म्हणून तिथे पगाराचं कुणाला वावगं वाटत नाही. (देणगीवर चालणारं लीचेस माझ्या विक्रीच्या मुद्द्याला अपवाद आहे, हे मी जाणतो. पण बुद्धिबळाइतके खेळाडू दुसऱ्या कोणत्या मुक्त गेमला मिळणार?)

पगार मिळाला तर तो कशासाठी, हे मात्र आधी ठरवावं. नवे नकाशे, नव्या सेना, नवी चित्रं यांना स्वयंसेवक मिळतात, कारण त्यात मजा आहे आणि नाव आहे. पैसा द्यायचा तो छाननी करणाऱ्याला, आवृत्ती बांधून बाहेर काढणाऱ्याला, सर्व्हर पाहणाऱ्याला, दुसऱ्याचे पॅच तपासणाऱ्याला.

सरकारी पैशाबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. जर्मनीने २०२२ मध्ये 'सॉव्हरिन टेक फंड' काढला आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या देखभालीला सार्वजनिक पैसा देता येतो हे मान्य केलं. पण तो पायाभूत सॉफ्टवेअरसाठी आहे. गेमचं नाव काढलं की फायलीवर हसू उमटतं. हसणाऱ्यांना एसडीएलची आठवण करून द्यावीशी वाटते. १९९८ मध्ये सुरू झालेली ही लायब्ररी गेम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता यावेत या गरजेतून वाढली आणि आज गेमपलीकडच्या किती प्रोग्रॅमांखाली ती आहे याची गणती नाही. आणि समजा असा उपयोग नसता, तरी काय? गेम ही आपल्या काळाची सांस्कृतिक वस्तू आहे हे मान्य असेल, तर व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मांडलेला आकडा अस्वस्थ करायला पुरेसा आहे: अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. त्यांना वाचवायला जे तंत्र आणि जी माणसं लागतील, ती आज मुक्त गेम सांभाळून तयार होत आहेत. फुकटात.

"पण त्यांना सांगितलं कुणी होतं?" हा प्रश्न मला अनेकदा ऐकवला गेला आहे. कुणीच नाही. म्हणून तर ते कधीही थांबू शकतात, आणि थांबण्याचा त्यांचा हक्क मी कुणाहीपुढे मांडेन. परवान्यातच लिहिलेलं असतं, आहे तसं घ्या, हमी नाही. 'फ्रीसिव्ह' हा मुक्त गेम १९९५ मध्ये डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठात तीन विद्यार्थ्यांनी सुरू केला. ते तिघे केव्हाच आपापल्या वाटेला लागले आणि गेम दुसऱ्यांच्या हाती चालू राहिला. थांबणं आणि सोडून देणं यात हाच फरक आहे, किल्ल्या कुणाच्या तरी हाती देऊन जाण्याचा.

कंपन्यांवर जी काही सक्ती येईल, तिच्यातही हेच मागायला हवं. नुसता कोडचा गठ्ठा नको. तो बांधायचा कसा याची लेखी कृती, सर्व्हरचा भाग, कोणता तुकडा दुसऱ्याच्या मालकीचा आहे याची यादी, चित्रं आणि आवाज वापरायची मुभा आणि नाव लावायची परवानगी. चित्रांबद्दल अनेकांचं मत वेगळं आहे. कोड मुक्त असावा, कला वेगळी गोष्ट आहे, असं मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांच्यासारखा माणूसही म्हणतो. मला ते पटत नाही. ओपनटीटीडीला २००४ पासून जवळजवळ सहा वर्षं मूळ गेमच्या चित्रांवाचून चालता येत नव्हतं. २०१० मध्ये स्वतःची मुक्त चित्रं हाती आल्यावर तो खऱ्या अर्थाने आपल्या पायावर उभा राहिला. चित्रांशिवायचा गेम म्हणजे सांगाडा आहे, आणि सांगाडा सांभाळायला कुणी येत नाही.

मी ज्या गेमची छाननी करायचो, त्याची शेवटची आवृत्ती येऊन आता तीन वर्षं झाली. नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर तो सुरू होताच बंद पडतो. मागच्या वर्षी कुणा अनोळखी खेळाडूने कारण शोधलं आणि अकरा ओळींचा पॅच पाठवला. मी तो लावून पाहिला, गेम चालतो. पण तो स्वीकारायचा अधिकार ज्या दोघांकडे होता, त्यातल्या एकाला नोकरी लागली, दुसऱ्याला मूल झालं, आणि दोघांनाही मी दोष देऊ शकत नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी नवीन कुणीतरी येऊन "गेम सुरू होत नाही" असं लिहितं. मी त्याला त्या पॅचकडे बोट दाखवतो, आणि तो स्वतः कसा लावायचा ते पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगतो.